सुपाच्या काठावरचे दाणे

मार्था गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्या उलथत होते. घरापुरत्याच असतात, पण ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला मला आवडत नाही. हात तिखटाने माखलेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाला लावून धरला. विसरवाडीच्या दवाखान्यातली सिस्टर होती. एवढंच म्हणाली, "मॅडम, बेन गयी." सकाळी ओपीडीला जायला म्हणून ओट्यावर चपला घालायला बसली, ती उठलीच नाही... डोळ्यांना पाणी आलं, पण पुसणार कशाने? तिखटाचा हात डोळ्याला लावायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग वाहू दिलं तसंच. मार्थाला हे सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. म्हणाली असती, पाटलीणबाई, तुला धड रडतासुद्धा येत नाही.

आता महिना होऊन गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहून द्या असं सांगणं आलं, तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. मग वाटलं, आपण नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील, आणि त्यात 'गोरगरिबांची माउली' वगैरे घालून मोकळं होईल. मार्थाला असले शब्द चालत नसत. ती बाळंतपणाची डॉक्टर होती, चांगली डॉक्टर होती, आणि चांगली आहे हे तिला माहीत होतं. हायवेला लागून तिचा दवाखाना. बाहेर ट्रकांचे हॉर्न, समोर चहा-भजीच्या टपऱ्या, आणि आत बाकावर नवापूरच्या डोंगरातल्या बायका, तापीकाठच्या आमच्या पाटलांच्या लेकीसुना, हद्दीपलीकडून गुजरातेतून आलेल्या, सगळ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. सगळ्यांची ती बेन, म्हणजे बहीण. माझी मात्र मार्था, हॉस्टेलपासूनची. मला तिचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही. कुठल्याही लग्नाकार्यात विषय काहीही असो, मी तो वळवून मार्थावर आणत असे, आणि आमचे हे दुसरीकडे बघायला लागत.

नंदुरबारच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. मी तापीकाठची, घरात अहिराणी. ती विसरवाडीच्या वरच्या डोंगरातली, ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी, घरात कोकणी, समुद्राकाठची नव्हे, डोंगरातल्या कोकणा लोकांची. पुस्तकातली मराठी दोघींनाही परकीच, पण मला तोंड होतं आणि तिला नव्हतं. रेक्टरबाई नियम सांगायच्या, ही मान डोलवायची. मी विचारायचे, कळलं का गं? नाही म्हणायची. मग मान कशाला डोलावली? तर म्हणाली, सगळ्यांनी डोलावली म्हणून. मी तिला खूप हसले, आणि मग रोज जेवणानंतर अहिराणी शिकवायला लागले. ती इतकी पक्की शिकली की पुढे आमच्याच बायकांना आमच्याच बोलीत रागवायची.

पण त्या मान डोलावण्यामागे एक गोष्ट होती, ती तिने बऱ्याच दिवसांनी सांगितली. तिचा धाकटा भाऊ दानियल जन्मला तेव्हा ती आईजवळ होती. शहरातल्या डॉक्टरांनी बाळाला पाहून आईला भरभर काहीतरी सांगितलं, मोठ्या मराठीत. आईने मान डोलावली. घरी आल्यावर वडलांनी विचारलं, काय म्हणाले? आई गप्प. तिला एक शब्द कळला नव्हता. दानियलला डाऊन सिंड्रोम होता, हे त्या घराला समजायला पुढे कितीतरी वर्षं गेली, आणि तोवर ती माउली आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसली. गरोदरपणात रानातलं कुठलं फळ खाल्लं, कुठल्या झाडाखाली बसले, हेच आठवत राहायची. मार्था म्हणाली होती, शोभा, माझ्या आईला कुणी सांगितलंच नाही असं नाही. सांगितलं. पण तिला कळलं का, ते कुणी पाहिलं नाही.

म्हणून मार्था डॉक्टर झाली तेव्हा तिने एक पद्धत धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. काहीही समजावून झालं की ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची आणि म्हणायची, "आते तू सांग." आते म्हणजे आता; बाईने ते आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत परत सांगायचं. सासू सोबत असेल तर सासूनेही. सांगता नाही आलं तर मार्था पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाहेर रांग वाढायची, लोक कुरकुरायचे, मीसुद्धा एकदा म्हटलं, अगं शाळा आहे का ही? तर म्हणाली, शाळेत तरी कुठे एवढं विचारता तुम्ही मास्तरणी.

पुढे रक्ताच्या नव्या तपासण्या आल्या, तेव्हा या पद्धतीत सूप आलं. आईच्या दंडातलं थोडं रक्त घ्यायचं, मुंबईच्या लॅबला पाठवायचं, आणि त्यावरून पोटातल्या बाळाला डाऊनसारखं काही असेल का याचा अंदाज बांधायचा. पोटात सुई नाही, बाळाला धक्का नाही. हे बायकांना सांगायचं कसं? मार्थाने गावाकडून बांबूचं सूप आणलं. त्यात तांदूळ ओतले आणि त्यांत मूठभर तूर मिसळली, वडलांच्या शेतातली, पांढरी. तुरीत थोडे लाल दाणे. म्हणायची, तांदूळ ते तुझं रक्त, तूर ती बाळाची. बाळाचं थोडंसं आईच्या रक्तात सांडत असतं, ते लॅबवाले वेचतात. तुरीतले लाल दाणे, ज्यांवरून डाऊन ओळखतात, ते ठरल्यापेक्षा जास्त निघाले तर शंका घ्यायची. शंका म्हणजे नक्की नव्हे. नक्की करायचं तर दाणा ज्या झाडाचा त्या झाडापाशी, म्हणजे बाळापाशी जाऊन बघावं लागतं.

समजावून झालं की ते सूप दान्याकडे जायचं. दानियलला आम्ही सगळे दान्याच म्हणतो. आई-वडील गेल्यावर तो बहिणीजवळच राहिला, आता चांगला चाळिशी ओलांडलेला गडी आहे. ओसरीच्या कोपऱ्यात बसून तांदूळ वेगळे, पांढरी तूर वेगळी, लाल वेगळी करणं हे त्याचं काम. कुणी मदतीला हात घातला तर चिडतो. त्याच्याइतकं स्वच्छ निवडणं मला जन्मात जमलं नाही.

आणि मग माझ्या मनीषाची वेळ आली. मनीषा माझी लेक, दिली निझरला, हद्दीच्या पलीकडे. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. सुरतेला औषधोपचार झाले, आणि शेवटी दिवस गेले ते जुळ्यांचे. माझ्या विहीणबाई मोठ्या प्रेमळ, पण रीतीभातींना घट्ट. तीन महिने होईपर्यंत मलाही त्यांनी धड काही कळू दिलं नाही. पुढे मनीषा माहेरी आली आणि म्हणाली, मला मार्थामावशीकडेच दाखवायचं. मार्थाने सोनोग्राफी केली, दोन बाळं, दोन वेगळ्या पिशव्या, दोघांची वार वेगळी. सगळं ठीक दिसत होतं. पण मनीषाचं वय झालेलं, म्हणून रक्ताची तपासणी करून घेऊ म्हणाली.

सूप आलं. विहीणबाई होत्या, जावई होते, आणि जावयांचे काका होते. मार्थाने सांगितलं की इथे झाडं दोन आहेत, आणि दोघांची तूर एकाच सुपात पडते. लाल जास्त निघाली तर ती कुठल्या झाडाची हे रक्तावरून कळत नाही, आणि एकेका बाळाच्या वाट्याची तूरही कमी येते, म्हणून कधीकधी मोजणीच होत नाही. हे आत्ताच नीट समजून घ्या, मग रक्त घेऊ. मनीषाने परत सांगितलं, विहीणबाईंनी अडखळत का होईना पण सांगितलं. काकांची पाळी आली तर ते हळूच पुढे सरकून म्हणाले, एवढं सगळं रक्तात दिसतंय तर मुलगा की मुलगी हेही दिसत असेलच की. मार्था हसली. त्यांचा हात धरून त्यांना बाहेर ओसरीवर बसवलं, आणि दान्याला सांगितलं, काकांना पाणी दे आणि आत येऊ देऊ नको. दान्याने पाणी दिलं आणि दारात आडवी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. काकांना आमच्याबरोबर परत निघेपर्यंत आत पाऊल टाकता आलं नाही.

रिपोर्ट आला आणि मार्थाने फोनवर काहीच न सांगता आम्हाला बोलावलं. डाऊनची शंका, आणि शंका लहान नव्हती. दोघांतल्या कुणाला, ते कळायला मार्ग नाही. मनीषा पांढरीफटक पडली. काका आदल्याच दिवशी फोनवर बोलून बसले होते की असं काही निघालं तर मोकळं व्हा, उगाच जन्माचं ओझं नको. मोकळं व्हा म्हणजे काय? एवढ्या वर्षांनी लागलेली दोन्ही लेकरं? जावई खिडकीबाहेर बघत उभे. ओसरीवर दान्या तांदूळ निवडत होता आणि माझी लेक त्याच्याकडे बघत होती... मार्थाने ते पाहिलं. उठून मनीषाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मी दान्याकडे बघून तुला काही सांगणार नाही. तूही दान्याकडे बघून काही ठरवू नको. आधी कळू दे, मग ठरव. ठरवायचं तू."

मग दान्याकडून सूप मागवलं, त्यात पुन्हा तूर मिसळली आणि ते मनीषाच्या मांडीवर ठेवलं. मला रागच आला. म्हटलं, मार्था, आता कशाला हे खेळ? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हा चाळणीचा रिपोर्ट आहे, निकाल नाही, एवढं म्हणाली, पुन्हा एकदा सगळं सांगितलं, आणि हात मांडीवर ठेवून गप्प. "आते तू सांग."

मनीषा सांगायला लागली. तांदूळ माझे... तूर दोघांची... लाल जास्त निघाली... आणि तिथे थांबली. बोटं तांदळात तशीच. मार्थाने तिला आठवण करून दिली नाही, घाई केली नाही, नुसती बसून राहिली. मग मनीषाने खाली बघतच विचारलं, "मावशी, जे झाड सुकी गये, त्याना दाना बी येतस का यामा?"

विहीणबाई जागच्या जागी ताठ झाल्या. "त्यानं नाव नको काढू," एवढंच पुटपुटल्या. मला काहीच कळेना, सुकलेलं झाड कुठलं आणि त्याचे दाणे यात कसे. मार्थाला मात्र लगेच कळलं. माझी खात्री आहे, दुसरा कुणी डॉक्टर असता तर त्या माउलीवर ओरडला असता, की एवढी मोठी गोष्ट लपवलीत कशी. मार्थाने स्टूल ओढलं, विहीणबाईंसमोर बसली, आणि सूप मनीषाच्या मांडीवरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तुमची रीत मोडायची नाही मला. तोंडातून शब्द काढू नका. रुजले होते तेवढे दाणे इथे काठावर ठेवा, आणि गेले तेवढे उचलून घ्या."

विहीणबाई सुपावर वाकल्या. त्यांनी सुपातून एक दाणा उचलला, काठावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. थोडा वेळ तिन्हींकडे बघत राहिल्या. आणि मग तिसरा दाणा परत उचलून त्यांनी मुठीत घट्ट धरला, आणि ती मूठ छातीशी नेऊन हुंदका दिला.

ते सगळं मला मागाहून मनीषाने सांगितलं. सुरतेच्या पहिल्या सोनोग्राफीत तीन ठिपके होते. पुढच्या वेळी दोनच. तिसरं आतल्या आत विरून गेलं होतं. त्यांच्या घरात रीत अशी की पोटातून जे गेलं त्याचं नाव काढायचं नाही, नाहीतर ते उरलेल्यांना हाक मारून नेतं. म्हणून विहीणबाईंनी सोनोग्राफीचा तो पहिला फोटो हळदकुंकू लावून तापीत सोडला होता, आणि मनीषाला शपथ घातली होती. मी त्यांना दोष देत नाही. दोन नातवंडं वाचवायची म्हणूनच त्या गप्प राहिल्या होत्या.

मार्थाने त्यांना रडू दिलं. मग सावकाश सांगितलं की झाड सुकलं तरी त्याचे दाणे बरेच आठवडे सुपात राहतात. हे लाल दाणे त्या गेलेल्याचे असू शकतात. असतीलच असं नाही. या दोघांतल्या एखाद्याचेही असतील. आता झाडापाशी जाऊनच बघायला हवं. नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात दोन्ही पिशव्यांतलं पाणी वेगवेगळं काढून तपासतात, त्यात थोडी जोखीम असते, तीही तिने लपवली नाही. आणि तेसुद्धा मनीषाकडून परत वदवून घेतलं, तेव्हाच आम्हाला उठू दिलं.

नाशिकला मार्था स्वतः सोबत आली. दवाखाना बंद ठेवून, जे ती कधी करत नसे. त्यानंतरचे वाट बघण्याचे दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. ज्या घरावर आले असतील त्याला माहीत. एवढंच सांगते, की त्या दिवसांत मनीषा रोज विसरवाडीला जायची. दान्याजवळ बसायची. त्याने आपल्या सुपात तिला तांदळाला हात लावू दिला, फक्त तिला. एकदा घरी येऊन म्हणाली, आई, एखाद्याला असलं तरी मी ठेवणार, दोघांनाही ठेवणार, मी ठरवलं. मी तिला जवळ घेतलं.

निकाल आला तो फोनवर. दोन्ही बाळांचा हिशेब बरोबर, कुणालाच काही नाही. मार्थाने मनीषाला सांगितलं, इकडे आमच्या घरात रडारड सुरू झाली, आणि तिकडून ही बाई शांतपणे म्हणतेय, आता मी काय सांगितलं ते तू सांग. मनीषाने रडत रडत सांगितलं. मग कुठे मार्थाच्या आवाजात पाणी आलं... मी ऐकलंय ते, फोन माझ्याही कानाशी होता.

नंतर एकदा मी तिला विचारलं, खरं सांग, दुसरा निकाल आला असता तर? म्हणाली, तर मी तुला डाऊनच्या लेकराला काय काय येतं आणि काय काय जड जातं ते सगळं सांगितलं असतं, आणि मग तुझ्याकडून परत म्हणून घेतलं असतं. आणि ओसरीकडे बघून म्हणाली, ओझं म्हणणाऱ्याला सांग, तीन तऱ्हेचे दाणे असे निवडून दाखव म्हणावं. मला त्या क्षणी तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिला डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

त्या दिवसापासून मार्थाच्या कामात एक गोष्ट वाढली. जुळ्याची बाई आली की रक्त घेण्याआधी ती सूप पुढे करायची. रुजले तेवढे काठावर ठेव, गेले तेवढे उचल. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. डोंगरातल्या बाईलाही ते जमायचं, पाटलाच्या सुनेलाही. कितीतरी बायकांनी आपल्या सख्ख्या नवऱ्याला न सांगितलेलं त्या काठावर ठेवलं. नाशिकच्या डॉक्टरांनी एकदा मुद्दाम येऊन ते पाहिलं, आणि जाताना एक सूप मागून नेलं. मार्थाने ते मला सांगितलं नव्हतं. मातीच्या दिवशी ते डॉक्टर आले होते, त्यांनीच सांगितलं.

मातीला डोंगरातल्या त्या लहानशा गावात उभं राहायला जागा नव्हती. प्रार्थना कोकणीत झाली, मराठीत झाली, आणि बायका रडल्या त्या आपापल्या बोलीत. विहीणबाई निझरहून आल्या होत्या. ख्रिस्ती माणसाच्या मातीला त्या पहिल्यांदाच येत होत्या, काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पुढे झाल्या, मूठभर माती टाकली, आणि मोठ्याने बेनचं नाव घेतलं. ज्या बाईने गेलेल्याचं नाव घेऊ दिलं नव्हतं, तिने.

परवा मी मनीषाला आणि दोघी नातींना घेऊन विसरवाडीला गेले. हो, दोघी मुलीच. काका आता त्यांना खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात. रेवा आणि ईशा, बालवाडीत जातात, आणि दोघी मिळून घर डोक्यावर घेतात. दवाखाना एक तरुण डॉक्टरीणबाई चालवायला घेणार आहे, पण अजून उघडलेला नव्हता. सिस्टर दान्यापुरतं रांधते, तो ओसरीवरच असतो. सूप त्याच्यापुढे होतं. तांदूळ वेगळे, पांढरी तूर वेगळी, लाल वेगळी. सगळं निवडून झालेलं, आणि मिसळायला कुणी नाही. सिस्टर म्हणाली, बेन गेल्यापासून असाच बघत बसतो, हात लावत नाही.

पोरी धावत गेल्या आणि दोघींनी चारी हात सुपात घातले. तांदूळ, तूर, सगळं एक करून टाकलं. मनीषा ओरडणार होती, मी तिला धरलं. मला वाटलं, आता दान्या चिडणार. तो चिडला नाही. पोरींकडे बघितलं, सुपाकडे बघितलं. रेवाने विचारलं, मोठी बेन कुठे गेली? दान्याला बोलणं जड जातं. त्याने सुपातून एक दाणा काढून काठावर ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, अगदी चिकटून. थोडा वेळ बघत राहिला. मग एक उचलून मुठीत धरला.

मूठ तशीच छातीशी ठेवून, दुसऱ्या हाताने तो तांदूळ निवडायला लागला.